फक्त पॅडचे पैसे

पाऊस लागला की माझा धंदा बसते.
छावणीतल्या दुकानात नऊ कूलर उभे,
पोटं रिकामी, जाळ्या काढलेल्या,
टबात मच्छरं.
अशातच मोहननगरातून लॅझरस बाईंचा फोन.
मी म्हनलं, आता कूलर?
त्या म्हणाल्या, कूलर नाही. तुम्ही या.

फाटकाजवळचा अनंत.
बावीस वर्सं त्याच्या बुडाशी मी पाना ठेवला,
घाम पुसला, बाईंच्या हातचं सरबत पेलो.
सत्तेचाळीस डिग्रीत पानं पिवळी पडत, नाही असं नाही,
पन झाड म्हनून थे कधी उघडं पडलं नाही.
आता तिथं गाड्या लागनार.
बिल्डरचा मानूस चुन्याची रेघ मारून गेलता,
बरोब्बर बुडातून.

"मुळासकट निघायचा नाही," बाई म्हणाल्या,
"थिओडोरनं लावला तेव्हा खाली नुसता मुरूम होता."
अन् कैची माझ्या हाती दिली.
माझ्याच काऊन, मी इचारलं नाही.

सेमिनरी हिल्सच्या उतारावर मसरामची नर्सरी.
तो म्हने, फुलाची फांदी घेऊ नोको.
कवळी नोको, लाकूड झालेली बी नोको.
वाकवली तर वाकली पायजे,
अन् मंग कट्टकन बोलली पायजे.
डोळ्याच्या खाली तिरपा काप.
खालची पानं काढ, वरची अर्धी कर,
पूर्न पान पानी मांगते
अन् काडीले अजून प्याले तोंड नाही.
"मुळं येईतो थे झाड नाही, बावा.
उसनवारी आहे."

बारा काड्या.
कोरफडीच्या गिरात बुडवल्या,
कन्हानच्या रेतीत रोवल्या.
पोरीनं कुल्फीच्या काड्यांवर नंबर टाकले,
सातचा आकडा उलटा.
ठेवाव्या कुठं? ओल पायजे, वारा नोको,
उजेड पायजे, ऊन नोको.
मी दुकानभर नजर फिरवली अन् हसलो.
पंखा काढलेला दोन फुटी डेझर्ट,
तिन्ही बाजूनं नवं वूडवूल भरलं,
टबात चार बोटं पानी.
जिंदगीभर कूलरच्या पुढं मानसं झोपवली,
आत कोनाले पहिल्यांदाच.

तिसऱ्या हप्त्यात पाच नंबरनं दोन पानं काढली,
पोपटी, चकचकीत.
मी बाईंले फोन लावून टाकला. लागलं!
मसराम आला. पाह्यलं. हसला नाही.
"उपट."
उपटलं.
खाली काहीच नाही. काप जसाचा तसा,
माझ्या कैचीचा दात बी दिसे.
फांदीतलं होतं नव्हतं तेवढं खर्चून
त्यानं दोन पानं दाखवली होती.
"पानं पाहून फसाचं नाही," मसराम म्हने,
अन् चहा न घेताच गेला.
बाईंले परत फोन कराचा होता.
नाही केला.

सहा सडल्या. एक मांजरीनं पाडली.
मोहननगरात काँक्रीट पडलं म्हने,
मी गाडी तिकडून नेत नव्हतो.

दसऱ्यानंतर एका सकाळी नऊ नंबरले हात लावला.
एक नवं पान नाही, मळका रंग,
दोनदा फेकाले घेतलेली काडी.
हलकं ओढून पाह्यलं.
आली नाही.
खालून कोनीतरी धरून होतं.

मी कूलरचं झाकन लावलं,
दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं,
अन् उगाच बसून राह्यलो.

चार जगल्या. तीन दुकानापुढं आहेत.
त्या डेझर्टचं गिऱ्हाईक येऊन गेलं,
मोटर जळली आहे म्हनून सांगितलं.

नऊ नंबर बाईंकडं नेली.
बेसा रोड, आठवा मजला, गॅलरीत थेट ऊन.
म्हनलं, दोन उन्हाळे आडोसा लागन.
त्या कुंडीपाशी खाली बसल्या,
उठाले त्यांना वेळ लागला.
मग पर्स काढली. किती झाले?
मी पॅडचे सांगितले. दीडशे.
त्यांनी दोनशे दिले.
माझ्यापाशी सुट्टे नव्हते.

पन्नास द्याचे आहेत अजून.
मार्चमधी जाईन, कूलर भराले.